विखुरलेल्या टीमच्या मीटिंगसाठी चॅटचं कुठलं साधन घ्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) टूलवर आम्ही काही जण नोकरी-कॉलेज सांभाळून काम करतो. मी नाशिकचा, दोघं पुण्यात, एक जण सावंतवाडीला, एक बर्लिनला, एक न्यू जर्सीत आणि एक ताई मेलबर्नला. आत्तापर्यंत व्हॉट्सॲप ग्रुप आणि अधूनमधून रविवारी गूगल मीट असं भागत होतं, पण आता खरंच भागत नाहीये.

उदाहरण देतो म्हणजे कळेल. ‘विद्यार्थीमंडळ’ असं कोणी लिहिलं तर नियमाप्रमाणे समासात ते ‘विद्यार्थिमंडळ’ हवं, पण बाहेर सर्रास दीर्घच दिसतं, मग टूलने तिथे लाल रेघ मारायची की नुसती सूचना द्यायची यावर मीटचा फुकटातला तास संपेपर्यंत चर्चा झाली आणि ठरलं की सूचनाच द्यायची. सावंतवाडीच्या मित्राकडे त्या दिवशी लाइट नव्हती. त्याने नंतर मेहनतीने लाल रेघेचा कोड लिहून पुल रिक्वेस्ट (तो कोड टूलमध्ये घ्यावा अशी विनंती) पाठवली. आता काय ठरलं आणि का ठरलं हे त्याला दाखवायला आमच्याकडे एक ओळही नाही. त्याचं मन मोडलं याचं मला फार वाईट वाटतंय.

तर साधन बदलायचं आहे. फुकट किंवा जवळपास फुकट, देवनागरी नीट चालणारं, पावसाळ्यात कोकणातल्या नेटवर तग धरणारं, आणि जुनं बोलणं शोधता येणारं. स्लॅक, डिस्कॉर्ड, टेलिग्राम, मॅट्रिक्स, झुलिप, आयआरसी (नुसत्या मजकुराची जुनी चॅट) अशी नावं कानावर आहेत. ज्यांनी वापरलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पाटावरची_वही
ऑफिसात स्लॅक वापरते, वापरायला छानच आहे, पण तिथे कंपनी पैसे भरते. तुम्ही फुकट प्लॅनवर जाणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. पूर्वी शेवटचे १०,००० मेसेज दिसायचे, सप्टेंबर २०२२ पासून ते बदलून फक्त ९० दिवसांचं बोलणं दिसतं, आणि २०२४ पासून फुकट प्लॅनमधला एक वर्षापेक्षा जुना मजकूर कायमचा पुसलाही जातो. तुमचं दुखणंच ‘काय ठरलं होतं ते सापडत नाही’ हे आहे, मग तीन महिन्यांनी परत तिथेच याल.

तिठा
+१ वरच्या प्रतिसादाला.
टेलिग्रामबद्दल एवढंच सांगतो, ग्रुप मोठा झाला आणि त्यात वेगळे विषय (टॉपिक्स) चालू केलेले नसले की तिथेही व्हॉट्सॲपसारखीच अडचण, सगळं एका सलग ओळीत वाहून जातं.

बर्लिनकर_मी
गोदाकाठ, साधनाचं नाव ठरवायच्या आधी तुमची मीटिंग बोलून होणार की लिहून होणार ते ठरवा असं मी अगदी कळकळीनं सांगेन. बहुतेक टीम ॲप आधी घेतात आणि पद्धत नंतर शोधतात.

लिहून मीटिंग म्हटलं की आपल्याकडे लोकांना ते दुय्यम वाटतं, ‘कॉल लागला नाही म्हणून टाइप करतायत’ असं, पण मोठमोठे मुक्तस्रोत प्रकल्प वर्षानुवर्षं हेच करत आलेत. वर्डप्रेसच्या कोअर टीमची साप्ताहिक बैठक पूर्ण लेखी होते, २०१४ पर्यंत आयआरसीवर आणि त्यानंतर स्लॅकवर. अजेंडा आधी ब्लॉगवर टाकतात आणि सारांश नंतर तिथेच येतो. डेबियन, फेडोरा, ओपनस्टॅक या मुक्तस्रोत प्रकल्पांनी तर त्यासाठी बॉट (चॅटमध्ये आपोआप काम करणारा प्रोग्राम) वापरला, मीटबॉट नावाचा. बैठक चालवणारा ‘हॅश स्टार्टमीटिंग’ (हॅश म्हणजे # ही खूण) असं टाइप करतो की नोंद सुरू. ‘हॅश टॉपिक’ लिहून विषय बदलायचा, काही ठरलं की ‘हॅश ॲग्रीड’, कोणी काम अंगावर घेतलं की ‘हॅश ॲक्शन’ आणि त्याचं नाव. ‘हॅश एंडमीटिंग’ म्हटलं की पूर्ण लॉग (सगळं बोलणं जसंच्या तसं) आणि वेगळे काढलेले मिनिट्स (काय ठरलं त्याच्या नोंदी), दोन्ही वेबपेजवर तयार. मिनिट्स कोण लिहिणार यावरून एकमेकांची तोंडं बघायला नको.

तुमच्या सावंतवाडीच्या मित्राला लाइट आल्यावर हे पान उघडून दहा मिनिटांत सगळं कळलं असतं, कोणी काय शंका काढली, कोणी काय उत्तर दिलं, सूचनेवर एकमत का झालं. व्हिडिओ मीटिंगचं रेकॉर्डिंग ठेवलंत तरी तासाभराचं रेकॉर्डिंग कोणी बघत नाही हो, आणि त्यात ‘समास’ शब्द शोधताही येत नाही.

नीरव_दुपार
लेखी मीटिंगला विरोध नाही पण दुसरी बाजूही मांडते. मी डिझाइन करते. फॉन्टमध्ये जोडाक्षर कुठे फुटतंय, बटण कुठे हललंय हे लिहून सांगत बसलं तर अर्धा दिवस जातो, स्क्रीन शेअर केली की दोन मिनिटांत समोरच्याला दिसतं. आणि लिहिताना माणूस आहे त्यापेक्षा तुटक वाटतो, ‘हे चालणार नाही’ एवढंच लिहिलं तर नवीन मुलगा घाबरून पुन्हा येत नाही, तेच हसून बोललं असतं तर काही वाटलं नसतं. म्हणून व्हिडिओ पूर्ण बंद करू नका. जित्सी मीट मुक्तस्रोत आहे, त्यांच्या साइटवर ऑगस्ट २०२३ पासून खोली उघडणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहबने लॉगिन करावं लागतं पण बाकीचे नुसत्या लिंकवर येऊ शकतात. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांत तोडतं, तुमच्या चर्चांना ते पुरणार नाही.

बर्लिनकर_मी
नीरव_दुपार, पटलं. दाखवायचं असेल तर व्हिडिओ, ठरवायचं असेल तर लेखी, अशी वाटणी करता येईल. व्हिडिओवर काहीही मान्य झालं तरी ते चॅनेलवर लिहून तिथे लोकांनी होकार दिल्याशिवाय पक्कं धरायचं नाही. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये निर्णय मेलिंग लिस्टवरच व्हावेत असा आग्रह असतो आणि मतदान साधारणपणे निदान ७२ तास उघडं ठेवतात, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला आणि कुठल्याही नोकरीतला माणूस तेवढ्यात एकदा तरी वाचेल म्हणून. हे ७२ तास तुम्ही जसेच्या तसे उचला.

जुना_खलाशी
आयआरसीचं नाव निघालं म्हणून लिहितो, मी तिथे खूप वर्षं आहे आणि माझं त्यावर प्रेम आहे. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेनने सुरू केलं, अजून चालू आहे, जुन्या लॅपटॉपवर आणि अगदी रडक्या नेटवरही चालतं. तरीही तुमच्या टीमला मी ते सुचवणार नाही आणि कारण खास आपलं आहे.

आयआरसीच्या एका मेसेजला ५१२ बाइटची मर्यादा आहे, त्यातच चॅनेलचं नाव, पाठवणाऱ्याची ओळख वगैरे येतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन, आणि चिन्ह म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार-हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. ‘मीटिंग’ म्हणजे म, दीर्घ वेलांटी, ट, ह्रस्व वेलांटी, अनुस्वार, ग, झाले १८ बाइट. ‘क्षी’ एकट्याचे १२. म्हणजे इंग्रजीत जिथे चारशेच्या वर अक्षरं लिहिता येतात तिथे मराठीत जेमतेम दीडशे चिन्हं बसतात, पुढचं कापलं जातं, आणि कापताना अक्षराच्या मधोमध कापलं गेलं की शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. काही क्लायंट (चॅट वापरायची ॲप) लांब मेसेजचे आपणहून तुकडे करतात, सगळे नाही. शुद्धलेखनावर मराठीत वाद घालायचा तर हे फार गैरसोयीचं. शिवाय तुम्ही ऑफलाइन असताना झालेलं बोलणं दिसायला बाउन्सर नावाचा वेगळा प्रोग्राम कुठेतरी चालू ठेवावा लागतो, नवीन कॉलेजच्या पोरांना ते कुठे समजावत बसणार.

आणखी एक गोष्ट. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या सगळ्यात मोठ्या मुक्तस्रोत आयआरसी नेटवर्कचा ताबा कोणाकडे यावरून भांडण झालं, चालवणारे स्वयंसेवक एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट काढलं. उबंटू, विकिमीडिया, जेंटू सगळे तिकडे गेले, ओपनस्टॅक ओएफटीसी या दुसऱ्या आयआरसी नेटवर्कवर गेलं. एवढं होऊनही प्रकल्प बुडाले नाहीत कारण त्यांचे लॉग आणि मिनिट्स स्वतःच्या वेबसाइटवर होते, चॅटची जागा फक्त बदलली. तुम्ही कुठलंही साधन घ्या, निर्णयांची प्रत स्वतःच्या रेपोत (प्रकल्पाचा कोड ठेवता तिथे) ठेवा.

रानजाई
मॅट्रिक्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मोझिलाने २०१९ मध्ये आयआरसी सोडायचं ठरवलं तेव्हा मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट, स्लॅक आणि मॅट्रिक्स अशी चार तपासली आणि मॅट्रिक्स निवडलं, मार्च २०२० मध्ये त्यांचा आयआरसी सर्व्हर बंद झाला. केडीई हा मुक्तस्रोत प्रकल्प पण मॅट्रिक्सवर आहे. ईमेलसारखं आहे, तुमचा सर्व्हर एक, माझा दुसरा, तरी एका खोलीत बोलता येतं. एलिमेंट हे त्याचं नेहमीचं ॲप. मला तत्त्व म्हणून हेच सगळ्यात आवडतं.

पण दोन गोष्टी डोळ्यांआड करू नका. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन १४ मेसेजिंग ॲप ब्लॉक केली त्यात एलिमेंट होतं. मॅट्रिक्सचे दुसरे क्लायंट वापरता येतात, पण नवीन मुलाला पहिल्याच दिवशी हे समजावणं जड जातं. दुसरं म्हणजे एनक्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय मेसेज वाचता येऊ नयेत अशी सोय. उघड चर्चेच्या खोलीत ते चालू करूच नका, सगळ्यांना वाचायला हवं तेच तर तुमचं उद्दिष्ट आहे, आणि एकदा चालू केलं की त्या खोलीत बंद करता येत नाही. कोणी फोन बदलला आणि किल्ल्या हरवल्या की जुने मेसेज उलगडतच नाहीत.

पहिलटकर_कोडर
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, अशा प्रकल्पात यायची इच्छा असलेल्यांच्या बाजूने बोलते. व्हॉट्सॲप ग्रुप म्हटला की मी आणि माझ्या मैत्रिणी मागे फिरतो, कारण ग्रुपमधल्या सगळ्या अनोळखी माणसांना आपला नंबर दिसतो. मेसेज यायला लागतात, मग ब्लॉक करत बसा. ईमेलवर खातं उघडता येणारं काहीही चालेल. डिस्कॉर्डवर आमच्या वर्गातली बरीच जणं आधीच आहेत आणि तिथला व्हॉइस चॅनेल खरंच सोपा आहे, नुसतं आत जायचं आणि बोलायचं.

आणि विनंती, आत येण्याआधी वाचता आलं पाहिजे. इथे लोक कसे बोलतात, नवीन माणसाला कसं वागवतात ते बघून मग हात वर करायचा धीर होतो.

गोदाकाठ
पहिलटकर_कोडर, नंबरचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, आता सगळ्यात वर घेतो. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

जुना_खलाशी
डिस्कॉर्डवर व्हॉइस चांगला आहे हे खरं, पण आतलं बोलणं गूगलला सापडत नाही. वाचायलाही आधी खातं उघडून सर्व्हरमध्ये शिरावं लागतं. त्यांची शेवटची विनंती तिथे पुरी होणार नाही.

कानसेन
मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, मराठी वाचायला ईस्पीक. लेखी मीटिंग माझ्यासाठी फार बरी, कारण व्हिडिओत एकाच वेळी तिघं बोलत असतात, वरून कोणीतरी ‘हे इथे बघा’ म्हणतं आणि ‘इथे’ म्हणजे कुठे ते मला कळायला मार्ग नसतो. लेखी चर्चेत ओळीचा नंबर लिहावाच लागतो. ऐकू न येणाऱ्या माझ्या एका मित्रालाही तेच सोयीचं पडतं, मराठी बोलण्याच्या आपोआप कॅप्शन अजून भरवशाच्या नाहीत.

निवडताना कीबोर्डवर सगळं करता येतं का हे माउस बाजूला ठेवून बघा. चॅनेल बदलणं, पुढच्या न वाचलेल्या मेसेजवर जाणं, उत्तर देणं. आणि मीटिंगमध्ये नुसत्या इमोजीने मत मोजू नका, शब्दात ‘मान्य’ किंवा ‘हरकत आहे, कारण…’ असं लिहायची सवय लावा.

मेलबर्नची_मावशी
वेळेबद्दल लिहिते कारण तो त्रास मीच भोगते. भारतात रात्री साडेआठ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दुपारी ३, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे ११, बर्लिनला संध्याकाळचे ५, सगळे खूश, आणि माझ्याकडे रात्रीचा १. भारतात दुपारी साडेतीन धरलं तर मला संध्याकाळ मिळते पण न्यू जर्सीवाल्याला पहाटे उठावं लागतं. वर घड्याळं सरकतात. अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोपचं मार्चच्या शेवटच्या रविवारी, आमचं एप्रिलच्या पहिल्या रविवारी उलट्या दिशेने. भारताचं सरकतच नाही त्यामुळे तिकडच्या लोकांना हा घोळ लक्षातच येत नाही, आणि त्या महिनाभरात दर वेळी कोणीतरी तासभर आधी किंवा नंतर उगवतं.

सगळ्यांना जागं ठेवणारी वेळ अस्तित्वातच नाही हे एकदा मान्य करा. बर्लिनकरांनी सांगितलेले ७२ तास मला मनापासून हवे आहेत.

मुळाकाठची_शाळा
आता झुलिप. आमची टीम पुणे, इंदूर आणि टोरांटो अशी आहे, आम्ही हेच वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१२ मध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सने विकत घेतलं, २०१५ मध्ये सोर्स खुला झाला. रस्ट भाषेच्या बऱ्याच टीम आणि लीन हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरणारी मंडळी त्यावर आहेत. वेगळेपण हे की चॅनेलच्या आत प्रत्येक बोलण्याला विषय द्यायचा असतो. ‘नियम’ या चॅनेलमध्ये ‘समासातला ह्रस्व इकार’ हा एक विषय, ‘अनुस्वार’ हा दुसरा. तुम्ही तीन दिवसांनी आलात तर दोनशे मेसेजचा ढीग उपसावा लागत नाही, विषयांची यादी दिसते, आपल्या कामाचा उघडायचा आणि वरून खाली वाचायचा. मावशींनी सकाळी उत्तर दिलं तरी ते त्याच विषयाखाली जाऊन बसतं, मधे दहा जण दुसरंच काही बोलून गेले असले तरी. कोणी भरकटलं तर ते मेसेज उचलून वेगळ्या विषयात टाकता येतात. ठरलं की विषय ‘सुटला’ अशी खूण करता येते, नावापुढे टिक येते.

वेळ लिहायची खास सोय आहे, मेसेजमध्ये वेळ घातली की वाचणाऱ्याला ती त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते. कीबोर्डवर जवळपास सगळं होतं. चॅनेल वेबवर सगळ्यांना खुला ठेवता येतो, २०२२ पासून, म्हणजे खातं न उघडता वाचता येतं. त्यांच्या क्लाउडवर फुकट प्लॅनला १०,००० मेसेजची मर्यादा आहे पण मुक्तस्रोत प्रकल्पांना अर्ज केल्यावर वरचा प्लॅन विनामूल्य देतात. स्वतःचा सर्व्हर लावायचा तर निदान २ जीबी रॅम धरा.

खटकणारं पण सांगतो. पहिल्यांदा येणारा माणूस गोंधळतो, विषय काय द्यायचा कळत नाही, ‘हाय’ नावाचे विषय तयार होतात, कोणीतरी प्रेमाने आवरत बसावं लागतं. आणि शोध. बरीचशी चॅट साधनं इंग्रजी शब्दांचे प्रत्यय काढून शोधतात, मराठीचे नाही, त्यामुळे ‘समास’ शोधलं तर ‘समासातला’ सापडेलच असं नाही. झुलिप स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर पीग्रूंगा हे एक्स्टेन्शन चालू करता येतं, त्याने बाकी भाषांचा शोध सुधारतो. नाहीतर विषयांची नावं विचार करून द्या, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

पाटावरची_वही
वाचनखूण साठवली. मुळाकाठची_शाळा, असं कोणी समजावून सांगत नाही, खूप आभार.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो.

झुलिपवर जागा काढली आणि तोच भांडणाचा विषय पुन्हा उघडला. नाव दिलं ‘समासातला ह्रस्व इकार: रेघ की सूचना’. पहिल्या मेसेजमध्ये प्रश्न, दोन्ही बाजूंची उदाहरणं, आणि कधी बंद करणार ती वेळ. त्याच संध्याकाळी तासभर जमेल त्यांनी एकत्र ऑनलाइन यायचं, बाकीच्यांनी ७२ तासांत केव्हाही लिहायचं. सावंतवाडीच्या मित्राने रात्री फोनवरून लिहिलं की दहावीच्या पेपरात अशा शब्दाला मार्क जातात, विद्यार्थी आपलं टूल वापरणार असतील तर त्यांना चूक कळायलाच हवी. मीटवर हा मुद्दा कोणाच्याही तोंडून आला नव्हता. मावशींनी मेलबर्नहून सकाळी त्यावर सुचवलं की सेटिंगमध्ये ‘परीक्षा’ असा कडक पर्याय द्यावा, एरवी नुसती सूचना. चौघांनी शब्दात ‘मान्य’ लिहिलं, एकाने हरकत घेतली की सेटिंग वाढत चाललीत, त्याला उत्तर मिळालं, त्यानेही मान्य केलं. विषयाला टिक लागली. मित्राची पुल रिक्वेस्ट फेकून द्यावी लागली नाही, थोडी बदलून तोच कोड कडक पर्यायासाठी घेतला.

व्हिडिओ ठेवलाय, फक्त दाखवण्यासाठी, जित्सीवर. आता दोन प्रश्न उरलेत. मीटबॉटसारखे मिनिट्स आपोआप नाहीत तर निर्णय रेपोत कसे नेऊ? आणि व्हॉट्सॲपवरचं जुनं बोलणं झुलिपवर आणता येईल का?

मुळाकाठची_शाळा
दुसऱ्याचं आधी. स्लॅक, मॅटरमोस्ट, रॉकेट चॅटवरून आणता येतं, व्हॉट्सॲपसाठी तशी सोय नाही. ग्रुपमध्ये ‘एक्सपोर्ट चॅट’ करून टेक्स्ट फाइल काढून ठेवा, पण ती उघड्या रेपोत टाकू नका, त्यात लोकांचे नंबर आणि खाजगी गप्पा असतात. कामाचे निर्णय तेवढे हाताने वेचा.

मिनिट्ससाठी रेपोत ‘निर्णय’ नावाचं फोल्डर, प्रत्येक निर्णयाची एक छोटी फाइल. तारीख, प्रश्न, काय ठरलं, कोणाची हरकत होती, झुलिपच्या विषयाची लिंक. विषयाला टिक लावणाऱ्यानेच फाइल लिहायची, आमच्याकडे हे चालतं.

कानसेन
आणि हरकत ज्याची होती त्याने ती फाइल रेपोत मर्ज (सामील) होण्याआधी वाचून बघायची. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दात हवं.

गोदाकाठ
हे दोन्ही करतो. पहिली फाइल सावंतवाडीचा मित्र लिहितोय, उद्यापर्यंत रेपोत येईल.